वाजवणारे तुम्ही, मालक कोण?

मंडळी, आज एका ड्रमरकडून धंदा शिकूया. मेटालिका या हेवी मेटल बँडचा लार्स उलरिक. मूळचा डेन्मार्कचा, टेनिसपटू व्हायला अमेरिकेत आला. 1981 मध्ये त्याने लॉस एंजेलिसच्या ‘रिसायकलर’ या पेपरात छोटी जाहिरात दिली, सोबत वाजवायला माणसं हवीत म्हणून. त्यातून गिटार वाजवणारा जेम्स हेटफिल्ड भेटला आणि बँड सुरू झाला.

खरा धडा पुढे आहे. गाणी बँडची, पण मूळ रेकॉर्डिंगची मालकी कंपनीकडे. 1994 मध्ये बँड कोर्टात गेला, मग नवा करार झाला. 2012 मध्ये मालकी हातात आली आणि त्यांनी ‘ब्लॅकन्ड रेकॉर्डिंग्ज’ हे स्वतःचं लेबल काढलं.

आता तुमचं बघा. दुकानाचं इन्स्टाग्राम कोणाच्या नंबरवर आहे? लोगोची मूळ फाईल डिझायनरकडेच पडून आहे का? गिऱ्हाइकांचे नंबर कामगाराच्या मोबाईलमध्ये आहेत का? म्हणजे कष्ट तुमचे, चावी दुसऱ्याकडे. तो माणूस सोडून गेला की अडकलात!

त्यांना बँड सुरू झाल्यापासून 31 वर्षं लागली. तुमचं काम आज शटर ओढायच्या आधी सुरू होऊ शकतं. कागद घ्या, काय काय कोणाच्या नावावर आहे ते लिहा, आणि एकेक गोष्ट स्वतःकडे घ्या.