ॲल्युमिनियमचा पत्रा: ठोकायचा, कापायचा की बदलायचा?

ज्यांना हेडफोन लावायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे "अं... म्हणजे..." होतं ते काढलंय, बाकी गप्पा तशाच आहेत.

विषय जरा हटके आहे. माझ्या मावसभावाने लिलावातून एक जुनी मिनीबस घेतली. बॉडी पूर्ण ॲल्युमिनियमची. तिचा त्याला कॅम्पर करायचाय, म्हणजे मागे झोपायची जागा, छोटा ओटा, पाण्याची टाकी. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत दुकान लावायचं आणि बायको-मुलांसकट तिथेच मुक्काम करायचा, हा बेत. अडचण एकच: डाव्या बाजूचा पत्रा चेपलाय, एका ठिकाणी फाटलाय आणि छतातून पाणी गळतं. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "लोखंडी पत्रा मारून देतो, स्वस्तात होईल." भावाने मला फोन केला. मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी बीटेकला धातूशास्त्राचा एक पेपर होता, आणि चामोर्शीतल्या एका जुन्या पत्रेवाल्या काकांकडे मी दोन सुट्ट्या काढल्यात. त्या जोरावर हा भाग.

हा पत्रा आपल्या ओळखीचाच आहे

कॅम्पर म्हटलं की अमेरिकेतली चकचकीत एअरस्ट्रीम डोळ्यांपुढे येते. रिवेट मारलेला ॲल्युमिनियमचा क्लिपर त्यांनी १९३६ साली आणला. पण आपण तर लहानपणापासून अशाच गाडीत बसत आलोय. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला अहमदनगर-पुणे मार्गावर धावली. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कार्यशाळांमध्ये बांधलेल्या लाल गाड्यांची बॉडी वर्षानुवर्षं ॲल्युमिनियमचीच असायची. गंमत बघा, त्याच १९४८ मध्ये इंग्लंडात लँड रोव्हर आली, तीही ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या बॉडीची, कारण युद्धानंतर तिकडे पोलादाची टंचाई होती.

अलीकडे एसटीने माइल्ड स्टीलच्या बॉडीकडे मोर्चा वळवला, कारण अपघातात ती जास्त तग धरते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि दुर्लक्ष केलं की काय होतं, तेही आपल्याच जिल्ह्यात दिसलं. जुलै २०२३ मध्ये अहेरी आगाराच्या बसचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. छताचं बाहेरचं आवरण सुटून वाऱ्यावर फडफडतंय आणि गाडी रस्त्यावर धावतेय. लोक हसले, मीम झाले. पण बाहेरचं आवरण एका कडेने सुटलं की वेगात वारा आत शिरतो आणि त्याला वर उचलतो. एक जोड सैल झाला की शेजारच्या जोडावर जास्त ताण येतो, मग तोही जातो. म्हणून दोन रिवेट सैल दिसले तर ते आजच बघायचे.

लोखंडी पत्रा का नको?

तीन कारणं.

पहिलं, वजन. एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा घेतला तर ॲल्युमिनियमचा भरतो २.७ किलो आणि पोलादाचा जवळपास ७.८५ किलो.

दुसरं, गंज. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल आली की छोटी बॅटरीच तयार होते. या जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. जुन्या गाडीत लोखंडी स्क्रूभोवती पांढरी पावडर दिसते ना, ती हीच. वैनगंगेकाठी पावसाळ्यात चार महिने ओल असते, म्हणजे बॅटरी कायम चालू.

तिसरं, ऊन. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा मे महिना सांगायला नको. पहाटेपासून दुपारपर्यंत पत्र्याचं तापमान ४० अंशांनी वाढलं असं धरा. दोन मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा साधारण १.८ मिलिमीटर वाढतो, पोलादाचा जेमतेम १. दोघांना एकत्र जखडलं तर रोजच्या या ओढाताणीत रिवेटची भोकं मोठी होतात आणि पाणी गळायला लागतं.

आधी सांगाडा बघा

पत्रा ही गाडीची कातडी. भार पेलतो तो आतला सांगाडा. म्हणून आतलं अस्तर काढा, टॉर्च मारा. खांब वाकलाय का? सांधा तुटलाय का? लाकडी पट्ट्या असतील तर कुजल्यात का? सांगाडा गेला असेल तर वरून कितीही सुंदर पत्रा लावा, त्यात मुलांना झोपवायचं नाही. भावाच्या गाडीत एक उभी पट्टी गंजलेली निघाली. पत्र्याला हात लावायच्या आधी ती बदलली.

चेपलेला भाग

काका म्हणतात, "बाबू, पयले पत्र्याचं आयक, मंग हातोडा उचल." याचा अर्थ असा की लोखंड मार खातं, ॲल्युमिनियम रुसतं. ठोकत गेलं की ते कडक होत जातं आणि शेवटी तडकतं. मऊ असल्यामुळे ते ताणलंही पटकन जातं, मग पत्रा डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर टकटक करतो.

म्हणून खोलगट मध्यावर पहिला घाव घालायचा नाही. कडेपासून सुरुवात करून गोल फिरत आत यायचं. लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा, मागे वाळूची पिशवी, आणि हलके, भरपूर घाव.

पत्रा फारच कडक झाला असेल तर गरम करून मऊ करता येतो. पण इथे धोका आहे. लोखंड तापलं की लाल होतं, आपल्याला कळतं. ॲल्युमिनियम रंग न बदलता ६६० अंशांना सरळ वितळून खाली पडतं. त्यावर जुनी युक्ती म्हणजे साबण. पत्र्यावर अंगाचा साबण घासायचा, मागून हलकी आच फिरवायची, साबण तपकिरी होऊन काळा पडायला लागला की थांबायचं. आत लाकूड, फोम किंवा वायर असेल तर ज्योत अजिबात नको. आणि पत्रा उष्णता देऊन कडक केलेल्या मिश्रधातूचा असेल तर गरम केल्यावर त्याची ताकद जाते. खात्री नसेल तर आच टाळा.

फाटलेला भाग

वेल्डिंग का नाही? ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. तो वितळायला दोन हजारांच्या वर अंश लागतात, खालचा धातू ६६० लाच पाणी होतो. त्यासाठी टिग मशीन आणि सराईत हात लागतो, तरी पातळ पत्रा वाकडा होतोच. रिवेटचं ठिगळ जास्त भरवशाचं:

१. चीर जिथे संपते तिथे ३ मिलिमीटरचं भोक पाडा. टोकावरचा ताण पसरतो, चीर पुढे जात नाही.
२. फाटके काठ कापून साफ करा. कोपरे गोल ठेवा, चौकोनी कोपऱ्यातून पुन्हा चीर निघते.
३. त्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा तुकडा घ्या, चारही बाजूंनी इंचभर मोठा.
४. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासा. लोखंडावर वापरलेला ब्रश इथे नको, त्याचे कण रुतून बसतात.
५. मध्ये पीयू सीलंट लावा. ते वाळल्यावरही लवचिक राहतं, त्यामुळे उन्हातली वाढ सहन करतं.
६. ॲल्युमिनियमचेच रिवेट मारा. छतावर तोंड बंद असलेले, म्हणजे मधून पाणी येत नाही. रिवेट काठापासून त्याच्या जाडीच्या किमान दुप्पट आत हवा.

रंग आणि कागद

घासलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच परत येतो. म्हणून त्याच दिवशी एच किंवा इपॉक्सी प्रायमर मारा, नाहीतर वर्षभरात रंगाचे पापुद्रे निघतील. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे मास्क लावून, ओला पेपर वापरूनच घासा.

आणि हो, आरटीओ! मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनाने बदल करता येत नाहीत. पत्र्याची दुरुस्ती वेगळी, बसचा कॅम्पर करणं वेगळं. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलंय, पण परवानगी ओटा बसवायच्या आधी विचारा.

मग निर्णय काय?

चेप असेल तर ठोका. वीतभर फाटलं असेल तर ठिगळ. दोन खांबांमधला बहुतेक पत्रा गेला असेल, किंवा हात लावताच पांढरी पावडर गळत असेल, तर तेवढा पूर्ण पत्रा बदला. भावाच्या बाबतीत एक ठिगळ, एक चेप आणि छताची एक संपूर्ण शिवण, एवढ्यावर निभावलं. ठिगळ दिसतं, पण बादलीभर पाणी ओतलं तरी आत थेंब नाही.

तुमच्या घरी जुनी ॲल्युमिनियम बॉडीची गाडी उभी असेल तर येत्या रविवारी एवढंच करा: ओल्या फडक्याने पुसा आणि सैल रिवेट मोजा. आकडा मला कळवा. पुढच्या भागात गाडीतली वायरिंग. भेटूया!