लहान ॲम्प स्टेजवर पुरतो का?

गिटारवाल्यांच्या गप्पांत ॲम्पचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: किती वॉटचा? या एका आकड्यापायी कित्येक जण नको इतका मोठा ॲम्प घेतात आणि मग प्रत्येक कार्यक्रमाला तो जिन्यावरून चढवत बसतात. फेंडरचा ८५ वॉटचा ट्विन रिव्हर्ब सुमारे २९ किलोचा, रोलँडचा जेसी-१२० साधारण २८ किलोचा. दोन्ही वाद्यवृंदांचे लाडके, आणि आवाजाबद्दल त्यांना नावं ठेवायला जागा नाही. पण कॅफेतल्या किंवा छोट्या सभागृहातल्या कार्यक्रमाला एवढ्या ॲम्पची गरज असते का? बहुतेक वेळा नसते. तरीही आपण तो घेतो, कारण काही समजुती घट्ट बसल्या आहेत.

गैरसमज: १०० वॉटचा ॲम्प ५० वॉटच्या दुप्पट मोठा वाजतो.

आपला कान वॉटच्या सरळ प्रमाणात ऐकत नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. फरक जाणवतो, पण थोडाच. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. या हिशेबाने १० वॉटच्या दुप्पट आवाज हवा असेल तर १०० वॉट लागतील. ५० आणि १०० मधला फरक त्या मानाने किरकोळ.

खरा फरक पडतो तो स्पीकरने, आणि त्याची चौकशी फारसं कोणी करत नाही. एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल देतो, ती त्याची सेन्सिटिव्हिटी. सेलेस्चनचा व्हिंटेज ३० हा स्पीकर १०० डेसिबलचा आहे. ९७ डेसिबलच्या स्पीकरच्या जागी तो लावला तर २० वॉटचा ॲम्प ४० वॉटच्या बरोबरीने वाजेल. दुकानात वॉटच्या आधी हा आकडा विचारा.

गैरसमज: शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचं तर मोठाच ॲम्प हवा.

ही समजूत एके काळी खरी होती. १९६५ च्या ऑगस्टमध्ये बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर सुमारे ५५ हजार श्रोत्यांपुढे वाजले, तेव्हा त्यांच्यामागे व्हॉक्सचे १०० वॉटचे ॲम्प होते. पीए, म्हणजे श्रोत्यांसाठीची ध्वनियंत्रणा, मुख्यतः गायकांसाठी असे. गिटारचा आवाज ॲम्पनेच मैदानभर पोहोचवायचा. त्याच सुमारास ‘द हू’च्या पीट टाउनशेंडला आणखी मोठा आवाज हवा होता, म्हणून जिम मार्शल यांनी १०० वॉटचे ॲम्प बनवले. एकावर एक रचलेल्या स्पीकरच्या पेट्यांचं ते चित्र आजही आपल्या मनात ‘रॉक’ म्हणून बसलं आहे.

आज ॲम्पपुढे एसएम५७ सारखा माइक लागतो आणि श्रोत्यांपर्यंत आवाज पीए नेतो. ॲम्पचं काम उरतं ते तुम्हाला आणि तुमच्या ड्रमरला नीट ऐकू येण्यापुरतं. नील यंग यांनी सुमारे १५ वॉटच्या जुन्या फेंडर डिलक्सवर मोठमोठी मैदानं गाजवली आहेत.

उलट मोठा ॲम्प छोट्या जागेत नडतो. त्याचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरतो, मग साउंडवाला गिटारचा फेडर खाली ओढतो आणि मागच्या श्रोत्यांना गिटार ऐकूच येत नाही. त्यात ॲम्प जमिनीवर, तुमच्या गुडघ्यांमागे असतो. स्पीकरमधला चढा, टोकदार आवाज सरळ रेषेत पुढे जातो. तो तुमच्या कानाला लागत नाही, पहिल्या रांगेच्या कानात मात्र घुसतो. तुम्हाला वाटतं आवाज कमी आहे, म्हणून तुम्ही आणखी वाढवता. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. माझ्या मते या एका उपायाने अर्ध्या गिटारवाल्यांची मोठ्या ॲम्पची हौस फिटेल.

गैरसमज: ट्यूबचा एक वॉट ट्रान्झिस्टरच्या एका वॉटपेक्षा मोठा.

वॉट तोच असतो. ट्यूब ॲम्पवर लिहिलेला आकडा बहुधा स्वच्छ आवाजाचा असतो. त्यापुढे ढकलला तरी तो हळूहळू फाटतो, कानाला गोड लागतो, आणि लिहिल्यापेक्षा बरीच जास्त शक्ती देतो. ट्रान्झिस्टर ॲम्प मर्यादा ओलांडली की बहुधा एकदम कर्कश होतो, म्हणून आपण त्याला तिथवर नेतच नाही.

यातूनच लहान ॲम्पची खरी मर्यादा कळते. ब्लूज, रॉक वाजवणाऱ्याला १५ वॉटचा ट्यूब ॲम्प लवकर फाटतो हे हवंच असतं. पण जॅझ, फंक किंवा हिंदी-मराठी गाण्यांच्या साथीत स्वच्छ आवाज लागतो, आणि जोरात वाजवणाऱ्या ड्रमरसमोर ५ वॉटचा ॲम्प तो देऊ शकत नाही. अशा वेळी वॉट जास्त घ्या. वजन वाढलंच पाहिजे असं नाही.

गैरसमज: हलका ॲम्प म्हणजे तकलादू.

वजन असतं लोखंडी ट्रान्सफॉर्मरचं, स्पीकरच्या फेराइट चुंबकाचं आणि लाकडी पेटीचं. क्लास डी ॲम्पमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास वीज कामी येते, उष्णता कमी होते, आणि स्विचिंग पॉवर सप्लायमुळे जड ट्रान्सफॉर्मर लागत नाही. निओडिमियम चुंबकाचा स्पीकर आणखी वजन वाचवतो. फेंडरने २०१९ मध्ये टोन मास्टर ट्विन रिव्हर्ब आणला तो साधारण १५ किलोचा, जुन्याच्या जवळपास निम्मा. एक उणीव मात्र मान्य करायला हवी: जुना ट्यूब ॲम्प जाणकार कारागीर सुटे भाग बदलून दुरुस्त करतो, नव्या डिजिटल ॲम्पचा अख्खा बोर्ड बदलावा लागू शकतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ॲम्प मागवणार असाल तर मागची पट्टी आधी वाचून घ्या. तिथले बरेच ॲम्प १२० व्होल्टचे असतात. आपल्या २३० व्होल्टवर लावला तर जळेल. वेगळा ट्रान्सफॉर्मर बाळगायचा म्हटलं तर वाचवलेलं वजन पुन्हा खांद्यावर येईल.

आणि दुकानात एकट्याने वाजवून निर्णय घेऊ नका. शक्य असेल तर ॲम्प एका तालमीपुरता मागून घ्या, कानाच्या उंचीवर ठेवा, आणि तुमचा ड्रमर नेहमीच्या जोरात वाजवत असताना आवाज स्वच्छ राहतो का ते ऐका. राहत असेल तर त्यापेक्षा मोठा घेऊ नका.