लेन्स काढा, मग झोपा

‘माझी लेन्स सिलिकॉनची आहे. तिच्यातून ऑक्सिजन जातो, त्यामुळे ती घालून झोपलं तरी चालतं.’ हे वाक्य हॉस्टेलवर ऐकू येतं, रातराणीच्या प्रवासात ऐकू येतं आणि कधी कधी लेन्स विकणाऱ्या काउंटरच्या पलीकडूनही ऐकू येतं. त्याचा पहिला भाग खरा आहे. या लेन्समधून ऑक्सिजन जातो, भरपूर जातो. चुकतो तो ‘त्यामुळे’ हा शब्द. कितीही वेळा सांगितलं तरी हा गैरसमज हटत नाही, म्हणून तो मुळापासून पाहू.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. त्याला ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या पातळ थरामार्फत. चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी १९६१ मध्ये घरच्या घरी, मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांच्या यंत्रावर पहिल्या चांगल्या मऊ लेन्स ओतल्या, तेव्हा त्यांचा पदार्थ होता हेमा. तो सुमारे ३८ टक्के पाणी धरतो आणि ऑक्सिजन फक्त त्या पाण्यातून जाऊ शकतो. दिवसा हे निभावतं. रात्री पापण्या मिटल्या की कॉर्नियाला मिळणारा ऑक्सिजन आधीच निम्म्याहून कमी होतो, त्यावर आणखी ही लेन्स. कॉर्निया सुजायचा.

लेन्समधून किती ऑक्सिजन जातो याचं एक माप आहे, डीके/टी. रात्रभर लेन्स घालायची तर ते किमान ८७ हवं, असं ब्रायन होल्डन आणि जॉर्ज मर्ट्झ यांनी १९८४ मध्ये मांडलं. हेमाच्या लेन्स त्याच्या जवळपासही नव्हत्या. तरीही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, १९८१ मध्ये काही मऊ लेन्सना सलग तीस दिवसांपर्यंत घालण्याची परवानगी दिली होती. जंतुसंसर्गाचे आकडे समोर आले आणि १९८९ मध्ये ती मर्यादा सात दिवसांवर आली. त्याच वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलेला हिशेब असा होता: रोज काढून ठेवणाऱ्या दहा हजार जणांमागे वर्षाला सुमारे ४ जणांच्या कॉर्नियाला जंतुसंसर्ग, घालून झोपणाऱ्यांत सुमारे २१ जणांच्या.

दोष ऑक्सिजनच्या कमतरतेचा, असं तेव्हा बहुतेकांना वाटलं. मग १९९० च्या दशकाच्या शेवटी सिलिकॉन हायड्रोजेल आलं. त्यात ऑक्सिजन सिलिकॉनमधूनच जातो. सुरुवातीच्या एका लेन्सचं माप तर १७५ होतं. रात्रीची सूज जवळजवळ नाहीशी झाली, पुन्हा तीस रात्रींची परवानगी मिळाली, आणि आता संसर्गही संपेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

तो संपला नाही. फिओना स्टेपलटन आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात केलेली पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. दहा हजार जणांमागे वर्षाला, जुन्या मऊ लेन्स रोज काढणाऱ्यांत १.९, त्याच लेन्स घालून झोपणाऱ्यांत १९.५; सिलिकॉन हायड्रोजेल घालून झोपणाऱ्यांत २५.४. शेवटच्या दोन आकड्यांतल्या फरकाला फार महत्त्व देऊ नका. धोका वाढला असं त्यातून सिद्ध होत नाही. पण तो कमीही झाला नाही, आणि लेन्स विकताना नेमकं हेच सांगितलं जात नाही.

कारण ऑक्सिजन हा अर्धाच प्रश्न होता. जागेपणी आपण पापण्या मिटतो-उघडतो, तेव्हा अश्रू फिरतात आणि कचरा, जंतू, मेलेल्या पेशी वाहून जातात. मऊ लेन्सखाली अश्रूंची ही अदलाबदल आधीच कमी असते. झोपेत ती जवळपास थांबते. लेन्सला चिकटून आलेल्या जंतूंना कॉर्नियाच्या अगदी लगत, उबेत, कित्येक तास मिळतात. त्यातला स्यूडोमोनास हा जंतू लेन्सच्या डबीत सहज वाढतो आणि कॉर्निया एक-दोन दिवसांत पोखरू शकतो. लेन्समधून कितीही ऑक्सिजन गेला तरी त्याचं काही बिघडत नाही. जखम भरते, पण बुबुळाच्या मधोमध फूल पडलं तर चष्म्याने ती नजर परत येत नाही. डॉक्टर उपचारासाठी लेन्स रात्रभर ठेवायला सांगतात तेव्हा ते डोळा तपासतही राहतात. तो वेगळा विषय आहे.

‘जास्त पाण्याची लेन्स कोरड्या डोळ्यांना ओलावा देते’ हाही असाच लाडका समज. लेन्स पाणी तयार करत नाही. ती डोळ्यावर सुकू लागली की कमी पडलेलं पाणी अश्रूंतूनच ओढते, आणि जास्त पाण्याच्या लेन्स बहुधा जास्त सुकतात. लेन्स टोचते की नाही हे पृष्ठभागाचं घर्षण, कडेचा आकार आणि तुमच्या अश्रूंचा थर यांवर अधिक अवलंबून दिसतं. संध्याकाळी डोळे चुरचुरत असतील तर खोक्यावरचे टक्के वाचत बसण्यापेक्षा अश्रू आणि पापण्यांच्या ग्रंथी तपासून घ्या.

बाकीचे थोडक्यात. लेन्स डोळ्यामागे जात नाही. पापणीच्या आतली त्वचा वळून डोळ्याला जोडलेली असते, वाटच नसते. महिन्याची लेन्स दहाच दिवस वापरली म्हणून तीन महिने चालत नाही. मुदत पाकीट उघडल्यापासून मोजायची. नळाचं, फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं पाणी लेन्सला लावायचं नाही. पाण्यातला अकांथअमीबा हा सूक्ष्मजीव डोळ्यात शिरला तर महिनोन्‌महिने छळतो. सलाइनने लेन्स धुतली जाते, निर्जंतुक होत नाही. गुलाबपाणी तर नकोच. लग्नासाठी घेतलेल्या बिननंबरी रंगीत लेन्सनाही हेच सगळे नियम लागू आहेत.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, तर लेन्स लगेच काढा आणि पुन्हा घालू नका. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून आणू नका. बुरशी किंवा अमीबा असेल तर ते आगीत तेल ओततात. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा, आणि काढलेली लेन्स डबीसकट सोबत न्या. जंतू कोणता हे कधी कधी त्या डबीतूनच कळतं.