रेसिडेन्सी हलवा! पण हे म्हणणार कोण? सातारा, सांगली आणि परक्या वकिलातीची गोष्ट

(ऑडिओ भागाचं लेखी रूप. वाचायला सोपं जावं म्हणून काही वाक्यं नीट केली आहेत, बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय.)

बातम्यांत अधूनमधून येतं बघा, अमुक देशानं आपला दूतावास दुसऱ्या शहरात हलवला, तमुक देशानं एखादं वाणिज्य दूतावास बंद करायला लावलं. आपण वाचतो आणि स्क्रोल करून पुढे जातो. इमारत हलवण्यात एवढं काय मोठं, असं वाटतं.

आज मी तुम्हाला सांगणार आहे की हाच प्रश्न आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वी किती पेटला होता. सातारकर आणि सांगलीकर, जरा सरसावून बसा. गोष्ट सुरू पुण्यात होते, पण खरी तुमचीच आहे.

आधी शब्द समजून घेऊ

आज वकील म्हटलं की काळा कोट आणि कोर्ट आठवतं. मराठेशाहीत वकील म्हणजे राजदूत. पुण्याचे वकील दिल्लीत असायचे, हैदराबादला निजामाकडे असायचे. तिथल्या दरबारात बसायचं, बोलणी करायची आणि रोजची खबर पत्रानं पुण्याला कळवायची, हे त्यांचं काम.

ईस्ट इंडिया कंपनीचा असा जो माणूस आपल्या दरबारात राहायचा, तो रेसिडेंट. त्याचा बंगला, कचेरी, कारकून, पहारा, हे सगळं मिळून रेसिडेन्सी. आजच्या भाषेत परक्या देशातली वकिलात. आणि त्या काळात परका देश म्हणजे आपण, हे विसरू नका. कंपनीच्या दृष्टीनं पुणे, सातारा, सांगली ही विदेशी भूमी होती.

पुण्याला पहिला रेसिडेंट आला १७८६ मध्ये, चार्ल्स मॅलेट. त्याची रेसिडेन्सी झाली मुळा आणि मुठा नद्यांच्या संगमावर, आजच्या संगम पुलाजवळ. शनिवारवाड्यापासून जवळ, पण शहराच्या बाहेर.

नुसता बंगला होता तोवर ठीक होतं

सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांच्या काळात मॅलेट हा पाहुणा होता. दरबारी मानपान होता, पण हुकूम चालायचा पुण्याचा. गणित बदललं ३१ डिसेंबर १८०२ ला, वसईच्या तहानं. दुसऱ्या बाजीरावांनी कंपनीची किमान ६००० पायदळाची फौज आपल्या राज्यात ठेवून घ्यायचं कबूल केलं आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला.

इथे थांबून विचार करा. तुमच्या घरी पाहुणा आलाय. आता त्याच्याबरोबर त्याचे पहिलवानही राहायला आलेत आणि त्यांच्या जेवणाचं बिल तुम्ही भरताय. अशा पाहुण्याला "दुसरीकडे सोय करा" म्हणणं किती अवघड?

सांगलीवाले कुठल्या बाजूला?

आता गंमत ऐका. रेसिडेन्सी नको असं सगळ्यांनाच वाटत होतं, असं मुळीच नाही.

मिरजेच्या पटवर्धनांच्या घराण्यातून १८०१ मध्ये सांगली वेगळी झाली. तिथे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन होते. हे पटवर्धन पेशव्यांचे सरदार, पण दुसऱ्या बाजीरावांशी त्यांचं जुनं वैर. बाजीरावांना त्यांच्या जहागिरी कमी करायच्या होत्या. मग १८१२ मध्ये पंढरपूरला तडजोड झाली. मध्यस्थ कोण? पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. जहागीरदारांनी पेशव्यांची चाकरी करायची, आणि त्यांच्या जहागिरी शाबूत राहतील याची हमी कंपनीची.

म्हणजे संगमावरचा बंगला बाजीरावांना डोळ्यात खुपत होता आणि दक्षिणेतल्या जहागीरदारांना त्याचाच आडोसा वाटत होता. आपल्याच माणसांच्या भांडणात परका पंच झाला की त्याला घालवणं कठीण होतं. सगळा दोष बाजीरावांवर टाकून आपण मोकळे होतो, म्हणून हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

५ नोव्हेंबर १८१७

शेवटी एका दिवशी पेशव्यांनी ते बोलून दाखवलंच. त्याच्या आदल्या काही दिवसांत एल्फिन्स्टननं कंपनीची फौज गारपिरावरून खडकीला हलवली होती. ५ नोव्हेंबरला पेशव्यांचा निरोप आला. गोऱ्यांची पलटण परत पाठवा, देशी पलटणी कमी करा आणि छावणी आम्ही सांगू तिथे न्या.

कागदावर पाहिलं तर मागणी रास्त. आपल्या मुलखात परक्यानं कुठे राहायचं हे यजमानानंच ठरवायचं. पण एल्फिन्स्टननं नकार दिला आणि नदी ओलांडून तो खडकीच्या फौजेला जाऊन मिळाला. त्याच दिवशी पेशव्यांच्या माणसांनी रेसिडेन्सी जाळली. त्यात एल्फिन्स्टनची पुस्तकं आणि कागद खाक झाले. त्याच दुपारी खडकीची लढाई झाली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं.

बंगला जळला, पण वकिलात हलली नाही. उलट यजमानालाच राजधानी सोडून पळावं लागलं.

आता साताऱ्याला येऊ

या पळापळीत बाजीरावांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना सोबत नेलं होतं. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं गेलं. २५ सप्टेंबर १८१९ ला तह झाला. साताऱ्यात कंपनीचा माणूस आला, कॅप्टन जेम्स ग्रँट. पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तो हाच. सांगलीशीही त्याच वर्षी वेगळा तह झाला. तिथे चिंतामणरावांनी कंपनीला फौजेची चाकरी देण्याऐवजी मुलूख तोडून दिला.

साताऱ्याच्या तहातलं पाचवं कलम आजच्या विषयाची किल्ली आहे. महाराजांनी बाहेरच्या कोणत्याही सत्तेशी, सरदाराशी, एवढंच काय, आपल्या अधिकाराखाली नसलेल्या कोणत्याही माणसाशी परस्पर व्यवहार करायचा नाही. जे काही असेल ते रेसिडेंटमार्फत.

समजा तुमची तक्रार रेसिडेंटविरुद्धच आहे. अर्ज कुणाच्या हातून जाणार? त्याच्याच! साताऱ्याची सगळी शोकांतिका या एका कलमात आहे.

पुढे महाराजांवर आरोप झाले की ते गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधतात, कंपनीच्या शिपायांना फितवतात. १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर कारनॅक साताऱ्याला आला. तह मोडल्याचं लिहून द्या, गादी राहील, असा प्रस्ताव होता. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबरमध्ये रेसिडेंट ओव्हान्सनं त्यांना राजवाड्यातून बाहेर काढलं आणि पुढे त्यांची रवानगी काशीला झाली. गादीवर त्यांचे भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब आले.

उलटी वकिलात: लंडनमधला सातारा

आता साताऱ्यानं काय केलं पाहा. रेसिडेंटला वगळून वरिष्ठांकडे जायचं तर रस्ता एकच, थेट लंडन. महाराजांचे वकील म्हणून रंगो बापूजी गुप्ते तिथे गेले आणि १८४० पासून जवळजवळ चौदा वर्षं राहिले.

दोन वकिलातींची तुलना करा. साताऱ्यातल्या इंग्रजी वकिलातीकडे फौज होती, तहाचं कलम होतं. लंडनमधल्या सातारच्या वकिलातीकडे काय होतं? एक माणूस, भाड्याची जागा आणि कागदांच्या पेट्या. कंपनीचे डायरेक्टर तर त्यांना वकील मानायलाच तयार नव्हते. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, मुंबई सरकारमार्फत या. पुन्हा तेच वर्तुळ.

रंगो बापूजींनी दुसरी वाट शोधली. कंपनीच्या भागधारकांची सभा भरायची, आजच्या कंपन्यांची वार्षिक सभा असते तशीच समजा. भागधारकाला तिथे उभं राहून प्रश्न विचारता यायचा. गुलामगिरीविरुद्ध लढणारा वक्ता जॉर्ज थॉम्पसन साताऱ्याच्या बाजूनं बोलला. पार्लमेंटमध्ये जोसेफ ह्यूमनं विषय लावून धरला. साताऱ्याचे कागद लंडनमध्ये छापले गेले.

परत बोलवावं की राहू द्यावं?

ही चर्चा मला मनापासून करायचीय. १४ ऑक्टोबर १८४७ ला प्रतापसिंह महाराज काशीला वारले. ज्यांचे वकील, तेच गेले. एप्रिल १८४८ मध्ये शहाजी महाराजही गेले. त्यांनी मरताना दत्तक घेतला होता. त्या वेळचा रेसिडेंट बार्टल फ्रिअर यानं स्वतः दत्तकाच्या बाजूनं मत दिलं. पण गव्हर्नर जनरल डलहौसीनं ते मानलं नाही आणि राज्य खालसा झालं. फ्रिअर मग तिथलाच कमिशनर झाला. माणूस तोच, पाटी बदलली. राज्यच उरलं नाही म्हटल्यावर वकिलातीची गरज संपली.

मग लंडनची वकिलात गुंडाळायला नको होती का? गुंडाळा म्हणणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे. राजा नाही, राज्य नाही, पैसा नाही, कर्ज वाढतंय. समोरचा तुम्हाला वकील मानत नाही. घरी बायकामुलं वाट पाहतायत.

राहा म्हणणाऱ्यांचंही ऐका. महाराजांच्या दत्तक पुत्राचा हक्क बाकी होता. आणि दुसरं, जगात ही एकच जागा होती जिथे साताऱ्याचं म्हणणं रेसिडेंटच्या हातून न जाता मांडता येत होतं. ती सोडली की आवाजच बंद.

माझं मत विचाराल तर मी दुसऱ्या बाजूला आहे. निकाल त्यांच्या बाजूनं लागला नाही हे खरं. १८५३ च्या अखेरीस ते परत निघाले, आणि त्यांची देणी भागवून परतीची सोय शेवटी कंपनीनंच केली. पण त्या चौदा वर्षांत जे छापलं गेलं, बोललं गेलं, ते नोंदीत राहिलं. म्हणून तर पुढे प्रबोधनकार ठाकरे 'प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी' लिहू शकले. वकिलात नसती तर आपल्या हाती फक्त रेसिडेंटचे रिपोर्ट उरले असते.

त्याची किंमत मात्र भयंकर होती. अर्ज करून काही होत नाही हे पुरतं कळलेला हा माणूस १८५७ मध्ये उठावाच्या तयारीला लागला. कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता. ते स्वतः इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. साताऱ्यात चार भिंतींवर फिरायला जाता, सेल्फी काढता, तेव्हा हे आठवा. ते १८५७ च्या वीरांचं स्मारक आहे.

आज काय बदललंय?

१९६१ च्या व्हिएन्ना करारानं नियम स्पष्ट केले. यजमान देश कोणत्याही राजदूताला कारण न देता परत पाठवू शकतो. ठरलेल्या शहराबाहेर कचेरी उघडायची तर यजमानाची परवानगी लागते. उलट बाजूनं, वकिलातीच्या आवारात परवानगीशिवाय यजमानाचे पोलीसही शिरू शकत नाहीत. बाजीरावांची मागणी आणि एल्फिन्स्टनची सुरक्षा, दोन्ही एकाच कागदात आली म्हणा ना.

तेव्हा पुढच्या वेळी दूतावास हलवण्याची बातमी आली की तीन गोष्टी तपासा. जागा कुणी ठरवली? पहारा कुणाच्या फौजेचा आहे? आणि त्या दूताविरुद्ध तक्रार करायची झाली, तर ती त्याला वगळून वर पोचते का? साताऱ्यात तिन्ही उत्तरं कंपनीच्या बाजूनं होती. अशा ठिकाणी वकिलात हलवायची चर्चा करायला यजमानाला तोंडच उरत नाही.

आजच्यापुरतं एवढंच. तुम्ही रंगो बापूजींच्या जागी असता तर १८४७ नंतर थांबला असता की घरी परतला असता? मित्रांशी बोला यावर, वाद घाला. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.