पोट साफ होण्यासाठी सुया आणि गोळ्या (चिनी वैद्यकाची ओळख : भाग ७)

गेल्या आठवड्यात चिनी वैद्य नाडी आणि जीभ कशी पाहतात ते आपण वाचलं. त्या तपासणीचा उपयोग बद्धकोष्ठासारख्या घरोघरच्या तक्रारीवर कसा होतो, ते या लेखात पाहू.

शौचाला किती दिवसांनी होते, एवढ्या चौकशीवर चिनी वैद्याचं समाधान होत नाही. खडा कोरडा होतो, तोंडाला कोरड पडते, लघवी पिवळी होते, जिभेवर पिवळा जाड थर दिसतो, तर आतड्यात उष्णता साठली आहे असं तो मानतो. वेग येतो पण होत नाही, पोट फुगतं, ढेकरा येतात आणि काळजीच्या दिवसांत त्रास वाढतो, तेव्हा 'ची', म्हणजे शरीरातली चालक शक्ती, अडली असं त्याचं निदान असतं. तिसरा प्रकार मला फार महत्त्वाचा वाटतो. यात मल मऊच असतो, पण कुंथून कुंथून माणूस घामाघूम होतो आणि शौचाहून आल्यावर गळून आडवा होतो. हा अशक्तपणाचा बद्धकोष्ठ. म्हातारपणी, लांबलेल्या आजारानंतर, बाळंतपणानंतर तो दिसतो. अशा माणसाला जोरदार रेचक देणं चिनी वैद्यकात चूक समजतात, आणि ते मला पूर्ण पटतं. आपल्याकडे मात्र सत्तरीच्या आजींना आणि विशीतल्या नातवाला सर्रास एकाच डब्यातलं चूर्ण दिलं जातं.

उष्णतेच्या, कोरड्या बद्धकोष्ठावरचं सर्वांत प्रसिद्ध औषध म्हणजे 'मा झी रेन वान' ही गोळी. झांग झोंगजिंग या वैद्याने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी, हान राजवटीच्या अखेरीस लिहिलेल्या 'शांगहान लुन' या ग्रंथात ती आहे. तिच्यात सहा द्रव्यं असतात. मुख्य द्रव्य भांगेच्या झाडाच्या बिया. त्यांनी नशा येत नाही. त्यांतलं तेल आतडं ओलं ठेवतं, असं ही परंपरा सांगते. जर्दाळूच्या बियांतला गरही त्यासाठीच. सोबत पिओनीचं मूळ, कच्चं कडू संत्रं, मॅग्नोलियाची साल आणि रेवाचिनी. ही रेवाचिनी आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानातही मिळते.

या गोळीची हाँगकाँगमध्ये नीट चाचणी झाली आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 291 रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला ही गोळी, दुसऱ्याला सोनामुखी, तिसऱ्याला औषध नसलेली गोळी. आठ आठवड्यांच्या उपचारात गुण आला तो अनुक्रमे 68, 58 आणि 33 टक्के रुग्णांना. म्हणजे चिनी गोळी आणि सोनामुखी जवळपास सारख्याच ठरल्या, आणि त्यात नवल नाही. सोनामुखीतले सेनोसाइड रेवाचिनीतही असतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचं रूपांतर करतात आणि मग आतडं जोराने हलू लागतं. खरी दखल घ्यावी ती पुढच्या आकड्यांची. औषध थांबवल्यावर आणखी आठ आठवड्यांनी चिनी गोळीच्या गटात 47 टक्के लोकांचा गुण टिकून होता, सोनामुखीच्या गटात 21 टक्क्यांचा. या चाचणीत उष्णतेच्या, जोरकस प्रकृतीच्या बद्धकोष्ठाचेच रुग्ण घेतले होते. वर सांगितलेल्या आजींना हे आकडे लागू करू नयेत.

आता सुया. बेंबीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन 'त्सुन'वर 'तिआनशू' हा बिंदू असतो. त्सुन म्हणजे रुग्णाच्याच अंगठ्याची रुंदी. त्यामुळे जाड माणसाचं माप वेगळं, किरकोळ माणसाचं वेगळं. त्याच्या खाली, जरा बाहेरच्या अंगाला 'फुजिए', आणि गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या बाजूला 'शांगजुशू'. केसासारखी बारीक सुई पोटाच्या स्नायूपर्यंत जाते. टोचल्याचं फारसं कळत नाही, पण सुई फिरवली की तिथे जड, दाटल्यासारखी ठणक उठते. चिनी वैद्य त्या ठणकेची वाटच पाहतो, कारण ती आली म्हणजे सुई लागू पडली असं तो समजतो. मग सुयांना तारा जोडून सौम्य वीजप्रवाह सोडतात आणि रुग्ण अर्धा तास पडून राहतो.

बीजिंगच्या संशोधकांनी चीनमधल्या 15 रुग्णालयांत हेच तीन बिंदू वापरून 1,075 रुग्णांवर चाचणी केली. तिचा अहवाल 2016 मध्ये आला. आठ आठवड्यांत 28 बैठका होत्या. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा, रेचकाशिवाय आणि पूर्ण समाधान होईल असं शौच ही यशाची कसोटी होती. खऱ्या उपचारात ती 31 टक्क्यांनी गाठली, वरवर टोचलेल्या खोट्या सुयांच्या गटात 12 टक्क्यांनी. उपचार संपल्यावर पुढचे तीन महिने हा फरक टिकला. सुईचा संदेश मज्जारज्जूकडे जातो आणि तिथून आतड्याच्या हालचालीला चालना मिळते, हा आजचा सर्वांत पटणारा खुलासा आहे. पण दहापैकी सात जणांना हवा तसा गुण आला नाही, हेही याच चाचणीने दाखवलं. म्हणून 'शंभर टक्के खात्री' देणाऱ्या पाटीवर विश्वास ठेवू नये.

औषधांच्या बाबतीत मी अधिक कडक बोलेन. 'हो शौ वू' हे मूळ कच्चं दिलं की रेचक ठरतं आणि केस काळे करण्यासाठीही विकलं जातं. त्याने यकृताला इजा झाल्याची कितीतरी उदाहरणं नोंदली गेली आहेत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या औषधात एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. वनस्पती आहे म्हणून निर्धोक, ही समजूत तेव्हाच मोडीत निघायला हवी होती. रेवाचिनी असलेलं औषध तर गरोदर स्त्रीने घेऊच नये.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे. उपचारकाची नोंदणी आहे का ते विचारायला संकोचू नका. सुईचं निर्जंतुक पाकीट तुमच्यासमोर फोडलं जावं. पेसमेकर असेल तर विजेच्या सुया नकोत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर ते आधी सांगा. ऑनलाइन मिळणाऱ्या, घटकांची यादी न वाचता येणाऱ्या चिनी गोळ्या मुळीच घेऊ नका. शौचातून रक्त जात असेल, कारण नसताना वजन उतरत असेल किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर सुया आणि काढे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडून आतड्याची तपासणी करून घ्या.