भाड्याची मोटार आणि आकाशातील घड्याळे

स्वतः चालविण्यासाठी भाड्याने मिळणारी मोटार तिच्या पाटीवरून ओळखता येते : काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे. एका फेब्रुवारीच्या मध्यावर अशीच मोटार घेऊन प्रस्तुत लेखक वृद्ध वडिलांसह जयपुरात हिंडत होता. शहर दोघांसही अपरिचित. सारी भिस्त समोर अडकविलेल्या मोबाइलवर. वडिलांना अधिक चालवत नव्हते, आणि जंतरमंतरमधील सम्राट यंत्राची सावली मात्र पाहावयाची होती. त्रिपोलिया बाजारालगत, लाखेच्या बांगड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘मनिहारों का रास्ता’ या गल्लीत मोबाइलने उजवीकडे वळावयास सांगितले. उजवीकडे भिंत होती. पुढे हातगाडी, मागे स्कूटरींची रांग, आणि ऊन कलू लागलेले.

वाटाड्या असा का चुकला?

मोबाइल उपग्रहांना काहीही विचारीत नाही. तो केवळ ऐकतो. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात आण्विक घड्याळ असते आणि ‘मी अमुक ठिकाणी आहे, आता अमुक वेळ झाली आहे’ एवढाच निरोप तो अखंड पाठवितो. निरोपास किती वेळ लागला यावरून अंतर निघते. तीन अंतरांवरून स्थान ठरावयास हवे. परंतु मोबाइलचे स्वतःचे घड्याळ स्वस्तातले, म्हणून त्याची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. रेडिओलहर सेकंदाच्या एक अब्जांश भागात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागाची, चूक झाली तर अंतर ३०० मीटरांनी चुकते.

येथे आइनस्टाइनचे गणितही मध्ये येते. वेगामुळे उपग्रहावरील घड्याळ दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते, आणि तेथे गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते. बाकी ३८ उरतात. तेवढ्या अवधीत प्रकाश ११ किलोमीटरांहून अधिक मजल मारतो. ही दुरुस्ती आधीच केलेली असते. भाड्याच्या मोटारीत बसलेल्यास तिची वार्ताही नसते.

गल्लीत मात्र आकाशाची एक चिंचोळी पट्टीच दिसते. काही लहरी भिंतींवर आपटून, वळसा घेऊन येतात. वळसा ३० मीटरांचा असला, तरी उपग्रह तेवढा दूर आहे असेच मोबाइल समजतो. मग तो आपले चुकलेले स्थान नकाशातील जवळच्या रस्त्यावर नेऊन बसवितो, आणि दाटीच्या वस्तीत तो रस्ता शेजारचा असू शकतो. आमचे तसेच झाले असावे. एका बांगडीवाल्याने हातगाडी बाजूस घेवविली आणि सरळ जाऊन त्रिपोलिया गाठण्यास सांगितले. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसविलेल्या या नगराचे हमरस्ते रुंद व सरळ आहेत; तेथे येताच मोबाइलही शुद्धीवर आला. (परक्या शहरात भांबावल्यास मोकळ्या चौकात थांबावे, हे तेव्हापासून आम्ही पाळतो.)

सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची तिरपी भिंत जयपूरच्या अक्षांशाइतकी, म्हणजे २७ अंशांनी, कललेली आहे, आणि तिची सावली वक्र पट्टीवर सेकंदास सुमारे एक मिलिमीटर सरकते. डोळ्यांस काळ चालताना दिसतो! मात्र तो जयपूरचा काळ. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. जयपूर त्याच्या पश्चिमेस ६.७ अंश, आणि प्रत्येक अंशास चार मिनिटे, म्हणून येथील वेळ सुमारे २७ मिनिटे मागे. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार व अक्ष कललेला असल्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यास सूर्य आणखी १४ मिनिटे उशिरा येतो. उलट, हा फरक ठाऊक असेल तर सावली आणि मनगटावरील घड्याळ यांवरून रेखांश काढता येतो. स्थान कळण्यासाठी काळ मोजावा लागतो, तो येथेही.

वडिलांनी घड्याळ पाहिले : चार वाजून वीस मिनिटे. पूर्वेकडील पट्टीवर सावली तीन एकोणचाळीसच्या आसपास होती. नेमके मिनिट सांगणे कठीण, कारण सूर्यबिंब अर्धा अंश रुंद असल्याने सावलीची कडा अंधुक असते. वडील काठी टेकून त्या कडेकडे पाहत उभे राहिले, आणि मोटार परत करण्याची वेळ टळून गेली.