‘शिरूर’ शोधताना संगणक कुठे चुकतो?

लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे, त्याच जिल्ह्यात अहमदपूर तालुक्यात शिरूर ताजबंद आहे, बीडमध्ये शिरूर कासार आणि पुणे जिल्ह्यात नुसते शिरूर. अर्जांच्या हजारो नोंदींतून आपले शिरूर अचूक काढायचे, तर ‘अख्खा शब्द’ म्हणजे काय, हे प्रोग्रॅमला नीट सांगावे लागते. तिथे चार गैरसमज आड येतात.

गैरसमज १ : अक्षरे जुळली म्हणजे शब्द सापडला.
वस्तुस्थिती : साधा शोध फक्त अक्षरांची ओळ जुळवतो. ‘देव’ शोधले की ‘देवणी’ तालुकाही हाती येतो. शब्दाच्या दोन्ही बाजू तपासाव्याच लागतात.

गैरसमज २ : रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये, म्हणजे शोधाचा नमुना लिहिण्याच्या सांकेतिक भाषेत, ‘बॅकस्लॅश-बी’ ही खूण लावली की शब्दाची सीमा आपोआप कळते.
वस्तुस्थिती : जावास्क्रिप्टमध्ये ही खूण रोमन अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर एवढ्यांनाच शब्दात धरते. पायथॉनचे मूळ ‘आरई’ मॉड्यूल देवनागरी अक्षरे ओळखते, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार शब्दाबाहेर टाकते. त्यामुळे ‘शिर’ शोधले तर ‘शिरूर’ सापडते, कारण ‘र’नंतरच्या दीर्घ उकारापाशी शब्द संपला असे त्याला वाटते. उलट ‘देवणी’ समोर असूनही सापडत नाही, कारण शेवटची वेलांटी शब्दात मोजलेलीच नसते. पायथॉनमध्ये वेगळे बसवायचे ‘रेजेक्स’ मॉड्यूल ही अडचण सोडवते. जावास्क्रिप्टमध्ये शब्दाच्या मागेपुढे युनिकोडचे अक्षर, स्वरचिन्ह किंवा अंक नसावा, अशी अट स्वतः लिहावी.

गैरसमज ३ : अख्खा शब्द शोधला की सगळ्या नोंदी मिळतात.
वस्तुस्थिती : मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो. ‘शिरूरला’, ‘शिरूरच्या’ ही रूपे त्या शोधातून निसटतात. ‘शिरुरात’ लिहिताना तर ‘रू’ ऱ्हस्व होतो. अशी रूपे शोधात वेगळी घालावी लागतात.

गैरसमज ४ : दोन शब्दांचे नाव सगळे सारखेच लिहितात.
वस्तुस्थिती : ‘शिरूर अनंतपाळ’ लिहिताना कोणी मध्ये दोन जागा सोडतो, कोणी संयोगचिन्ह देतो, कोणी ‘रु’ ऱ्हस्व लिहितो. शोधाच्या नमुन्यात या सगळ्यांना वाव हवा.

इंग्रजी शब्दांवर चाचणी घेऊन मराठीची खात्री होत नाही. मराठी नोंदींवर चालणारा प्रोग्रॅम वापरात आणण्याआधी त्यात ‘देवणी’, ‘शिरूर’ आणि ‘शिरूर अनंतपाळच्या’ एवढे तरी शोधून पाहा. गावाचे नाव यादीतून गळले, की त्या गावच्या माणसाचा अर्जही गळतो.